न्यूझीलंड साउथ आयलंड, डिसेंबर, स्वतः गाडी चालवून मधुचंद्र : प्लॅन तपासून द्या

सह्यवेडा_नाशिक:

नमस्कार मंडळी. तुळशीचं लग्न लागलं की आमचं. त्यानंतर लगेच, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साउथ आयलंडला निघायचं आहे. जाताना मुंबई–सिंगापूर–क्राइस्टचर्च नक्की आहे, परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही. हातात दहा रात्री आहेत. टूरवाल्यांच्या झेंड्यामागून फिरायला दोघांनाही आवडत नाही, म्हणून ऑटोमॅटिक गाडी भाड्याने घेऊन स्वतःच फिरणार.

प्लॅन असा : क्राइस्टचर्च – कैकोरा – नेल्सन (एबल टास्मन राष्ट्रीय उद्यानासाठी) – ग्रेमाउथ – फ्रान्झ जोसेफ – वानाका – क्वीन्सटाउन – तिथून एका दिवसात मिलफर्ड साउंड (कड्यांमधली समुद्राची खाडी) जाऊन परत – माउंट कुक – टेकापो – क्राइस्टचर्च. जवळपास सगळीकडे एकेक रात्र. सगळं मिळून दोन हजार किलोमीटरच्या वर जातंय, पण मी लेह केलेलं आहे, नाशिक–मुंबई तर हातचा मळ. होणारी बायको ठाण्याची, तीही गाडी चालवते, पण परदेशात घाटात नको म्हणेल असं मला वाटतं. जेवण शाकाहारी.

काय राहिलं, काय जास्त झालं ते सांगा. प्लीज, बिनधास्त सांगा.

कँटरबरीची_काकू:

बिनधास्त म्हणालास म्हणून. हा मधुचंद्राचा प्लॅन नाही, कुरिअरचा आहे.

मी क्राइस्टचर्चला राहते. नवऱ्याकडचे झाडून सगळे चुलत-मावस भाऊ लग्न झालं की आमच्याकडे उतरून पुढे जातात, आणि परत जातानाही आमच्याकडेच येतात. त्यामुळे जाताना कोण कसं हसत गेलं आणि येताना कोण कोणाशी बोलत नव्हतं, सगळं मी बघितलेलं आहे. येताना एकाने फक्त स्टिअरिंग बघितलेलं असतं आणि दुसरीने फक्त मोबाइलवरचा नकाशा. फोटो सुंदर असतात, तेवढं मात्र खरं.

आधी कापाकापी. कैकोरा आणि नेल्सन काढ. जागा वाईट नाहीत, पण वरचा भाग हा वेगळा दौरा आहे. फ्रान्झ जोसेफही काढ. तिथली हिमनदी इतकी मागे सरकली आहे की पायी बर्फावर नेणं 2012 मध्येच बंद झालं. आता हेलिकॉप्टरनेच जावं लागतं, आणि ढग उतरले की तेही रद्द. शेजारच्या फॉक्स ग्लेशियरचा दरीतला रस्ता 2019 मध्ये दरड कोसळून गेला तो गेलाच.

आता मिलफर्ड. क्वीन्सटाउनहून एका बाजूने 287 किलोमीटर, न थांबता चार तास. म्हणजे जाऊन-येऊन आठ तास गाडीत, मध्ये बोट, आणि परतीला डोळे मिटायला लागलेला नवरदेव. ते अजिबात करू नकोस. वाटेतल्या ते-आनाऊ गावी दोन रात्री राहा. तिथून मिलफर्ड साधारण 120 किलोमीटर. पेट्रोल ते-आनाऊलाच फुल कर आणि नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घे, कारण पुढे बराच वेळ मोबाइलला रेंज नसते. हा रस्ता म्हणजे नुसतं पोचायचं साधन नव्हे. एग्लिंटनची दरी, सोनेरी गवताचं सपाट मैदान, दोन्ही बाजूंना सरळ उठलेले डोंगर, तिथे थांबायला वेळ हवा.

पुढे होमर बोगदा. 1935 मध्ये मंदीच्या काळात बेकार माणसांना कुदळ-फावडं आणि ढकलगाड्या देऊन तो खोदायला सुरुवात झाली, मोटारींसाठी उघडला 1954 मध्ये. सव्वा किलोमीटरचा, आत उतार चांगलाच, भिंती ओबडधोबड. उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या डिसेंबरातही, दिवसा सिग्नल असतो, एका वेळी एकाच बाजूची वाहतूक. त्या रांगेत थांबलात की किया येतात. किया म्हणजे डोंगरातले हिरवे पोपट. आमच्या गाडीच्या बॉनेटवर एक उतरला, काचेतून आमच्याकडे मान वाकडी करून बघितलं आणि वायपरचं रबर चोचीत धरून शांतपणे सोलायला लागला. पंखांखाली केशरी रंग असतो, तो उडताना दिसतो. खायला काहीही द्यायचं नाही, कितीही लाडात आला तरी.

मिलफर्डला पाऊस असेल तर तोंड पाडून बसू नका. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पडतो तिथे, आपल्या आंबोलीची आठवण येईल. पाऊस असला की कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात, कोरड्या दिवशी बोवेन आणि स्टर्लिंग असे दोनच मोठे राहतात. फक्त सँडफ्लाय नावाची चिलटं चावतात, त्यांचं क्रीम तिथल्याच दुकानातलं घ्या.

तर माझा प्लॅन : क्राइस्टचर्चला एक रात्र. एवढ्या प्रवासानंतर विमानतळावरूनच गाडी हाणत टेकापो गाठायचं नाही, घड्याळ साडेसात तास पुढे गेलेलं असतं. मग टेकापोला दोन, माउंट कुकला एक, वानाकाला दोन, ते-आनाऊला दोन, शेवटी क्वीन्सटाउनला दोन. गाडी क्वीन्सटाउनलाच सोड आणि परतीचं विमान तिथून धर. जिथून घेतली त्याच गावी गाडी परत करायची नाही म्हणून वेगळे पैसे लागतात, पण एक अख्खा दिवस वाचतो. तिकीट काढलेलं नाहीस हे फार बरं झालं.

टेकापोला तुम्ही जाल तेव्हा लुपिन फुललेले असतील, जांभळे-गुलाबी. इथले निसर्गवाले त्यांना तण म्हणून शिव्या घालतात, कारण नदीपात्रातल्या पक्ष्यांची घरटी करायची जागा ते खातात, पण दिसतात देखणे. तळ्याकाठचं 1935 चं दगडी चर्च बघाल, त्याच्या खिडकीतून तळं दिसतं. आकाश बघायचं असेल तर एक लक्षात ठेवा : 2012 पासून तो सगळा भाग काळोखासाठी राखीव आहे, पण डिसेंबरात रात्री साडेअकराशिवाय नीट अंधारच होत नाही. म्हणून तिथे दोन रात्री, एक दुपारी झोप काढून.

माउंट कुकला पुकाकी तळ्याच्या काठाने जो रस्ता जातो, त्यावर समोर 3724 मीटरचा डोंगर आणि डाव्या-उजव्या हाताला कुणी नाही, अशी वेळ येते. रस्त्यातच गाडी उभी करून फोटो काढणारे महाभाग दर वर्षी भेटतात. थांबायच्या जागा केलेल्या आहेत, तिथेच थांबा. हूकर व्हॅलीच्या वाटेवर वरच्या झुलत्या पुलाचं काम निघालं होतं, तेव्हा वाट कुठपर्यंत उघडी आहे ते डॉकच्या, म्हणजे त्यांच्या वनखात्याच्या, साइटवर बघून घ्या. नसेल तर टास्मन ग्लेशियरच्या पायऱ्या चढा, तासाभराच्या आत होतं, आणि खाली तळ्यात बर्फाचे तुकडे तरंगताना दिसतात.

आणि 'नको म्हणेल असं मला वाटतं' म्हणजे तू तिला विचारलेलंच नाहीस. विचार. दुसरी चालक म्हणून तिचं नाव गाडीच्या करारात घाल. नाव नसताना तिने चालवली आणि काही झालं, तर विमा हात वर करतो.

पिंपळपान:

काकूंचं सगळं मान्य, पण दहा रात्रींची हॉटेलं म्हणजे केवढा खर्च! कॅम्पर व्हॅन घ्या की. राहणं, स्वयंपाक, गाडी, सगळं एकात. वाटेल तिथे मुक्काम.

कँटरबरीची_काकू:

'वाटेल तिथे' नाही बरं का. फुकटात रात्र काढायची तर गाडीत बसवलेला संडास असल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि तेही परवानगी असलेल्या जागीच, नाहीतर दंड. तो संडास रोज-दोन दिवसांनी ठरावीक जागी जाऊन रिकामा करायचा असतो, हाताने. मैत्रिणींबरोबर मी आनंदाने गेले असते. लग्नाला आठवडा झालेल्या जोडप्याला मी हे सुचवणार नाही.

मोटेल घे. इथल्या मोटेलात बहुतेक ठिकाणी छोटं स्वयंपाकघर असतं, आणि चेक-इनला हातात दुधाची बाटली ठेवायची पद्धत अजून बऱ्याच जागी आहे. वरण-भाताचा कुकर लावता येतो. लहान गावांत हॉटेलांची स्वयंपाकघरं आठ-साडेआठला बंद होतात, बाहेर लख्ख ऊन असतं म्हणून वेळेचं भान राहत नाही. क्वीन्सटाउनला भारतीय जेवण मिळेल. ते-आनाऊला सुपरमार्केट आहे, तिथूनच भाजी-दही घ्या.

वऱ्हाडी_पाहुणा:

काकू, वेस्ट कोस्ट सरळ कापला हे पटलं नाही. हिमनदी गेली ठीक आहे, पण तिथून वानाकाकडे येणारा हास्टचा रस्ता? आम्हाला तर तोच सगळ्यात आवडला. एकीकडे तळं, दुसरीकडे जंगल, घाट चढला की हवाच बदलते.

कँटरबरीची_काकू:

रस्ता सुंदर आहेच, त्यात वाद नाही. पण वानाकाहून फ्रान्झ जोसेफ 285 किलोमीटर, आणि तिथून पुन्हा दक्षिणेला यायचं म्हणजे तोच रस्ता उलट. त्यापेक्षा वानाकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघून हास्ट पासपर्यंत जा आणि परत या. वानाका आणि हावेया ही दोन्ही तळी जिथे एकमेकांना जवळजवळ भिडतात, तो टप्पा त्यातच येतो. तुमचंही मन राहिलं, माझंही राहिलं.

सह्यवेडा_नाशिक:

काकू, पाया पडतो. प्लॅन बदलला. परतीचं क्वीन्सटाउनहून बघतोय. आणि तिला विचारलं. 'घाटात मीच चालवणार, तू ब्रेक फार मारतोस' असं उत्तर आलं. त्यामुळे तो विषय संपला.

आता शंका. एक, लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना. दोन, तिचं नाव लग्नानंतर बदलायचं की नाही यावर घरात बैठका चालू आहेत, त्याचा काही परिणाम? तीन, तिथल्या रस्त्यावर आपल्या माणसाचं नेमकं कुठे चुकतं? चार, आई रुखवतातले बेसनाचे लाडू आणि चिवडा बरोबर देणार म्हणतेय.

कँटरबरीची_काकू:

लायसन्सचं स्मार्टकार्ड असेल तर ते इंग्रजीत असतं, तेवढ्यावर चालवता येतं. जुनं मराठी पुस्तक असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढ. खरं तर असं-तसं काहीही असलं तरी काढून ठेव, दोघांचाही, काही गाडीवाले काउंटरवर मागतात. क्रेडिट कार्ड गाडी घेणाऱ्याच्याच नावाचं हवं, कारण डिपॉझिट म्हणून त्यावर मोठी रक्कम अडकवून ठेवतात. फॉरेक्स कार्ड पुष्कळ ठिकाणी चालत नाही.

नाव : पासपोर्टवर जे आहे तेच व्हिसावर, तेच तिकिटावर, तेच लायसन्सवर. माहेरचं तर माहेरचं. बैठका आल्यावर चालू द्या. व्हिसाच्या शुल्कासोबत पर्यटकांचा वेगळा 100 न्यूझीलंड डॉलरचा कर लागतो, तो माणशी धर.

रस्ता : डावीकडूनच चालवायचं, त्यामुळे आपल्याला अमेरिकेसारखा त्रास नाही. चुकतं ते तीन ठिकाणी. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, आपल्याकडे जो घुसेल त्याचं. दुसरं, एकपदरी पूल. लांबच्या सरळ रस्त्यावर शंभरच्या वेगात असताना अचानक पूल अरुंद होतो. अलीकडे पाटी असते : तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर तुम्ही थांबायचं, मोठा पांढरा असेल तर तुमचा हक्क. हक्क असला तरी वेग कमी करून समोर बघायचं, समोरचाही आपल्यासारखाच पाहुणा असू शकतो. तिसरं, मागे गाड्यांची रांग लागली की डावीकडे जागा बघून बाजूला व्हायचं आणि त्यांना पुढे सोडायचं. यात कमीपणा नाही. लोक इथे हॉर्न वाजवत नाहीत, सरळ *555 ला फोन करून गाडीचा नंबर सांगतात, आणि पुढच्या गावात पोलीस वाट बघत असतो.

शंभरची मर्यादा म्हणजे शंभरने जायचंच असं नाही. वळणांवर सत्तर धरूनच हिशोब कर. वानाका–क्वीन्सटाउन क्राउन रेंजवरून जाल, 1076 मीटर, उतरताना लागोपाठ हेअरपिन आहेत. तिथे ती चालवणार हे ऐकून मला बरं वाटलं. पाऊस फार असेल तर क्रॉमवेलवरून जा, डिसेंबरात तिथे चेरी सुरू झालेली असते. क्वीन्सटाउनजवळ स्किपर्स कॅन्यनचा रस्ता आहे, फोटो बघून मोह होईल. भाड्याच्या गाडीला तिथे विमा लागू होत नाही. कुठल्याही कच्च्या रस्त्याचं करारात काय लिहिलंय ते वाचून घे.

निघायचं पुढे ढकललंत आणि परतीपर्यंत 25 तारीख गाठत असाल तर त्या दिवशी दुकानं बंद असतात, आदल्या दिवशीच किराणा भरा. 26 नंतर इथलेच लोक सुट्टीवर बाहेर पडतात आणि मोटेलं मिळत नाहीत.

लाडू : आईला नाही म्हणू नकोस, पण येण्याआधी जो ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो त्यात 'खाद्यपदार्थ आहेत' यावर हो कर. जाहीर केलं आणि त्यांनी काढून घेतलं तर लाडू जातात, बाकी काही नाही. लपवलं आणि सापडलं तर जागेवर 400 डॉलर दंड. मध अजिबात नको, पेढे-बर्फी घरीच ठेवा. ट्रेकिंगचे बूट असतील तर तळ घासून आणा, सह्याद्रीची माती त्यांना चालत नाही. आणि लाडवांचा डबा सुटकेसच्या तळाशी कोंबू नका, वरच ठेवा. उघडून दाखवायला सांगतात, आणि मागे रांग असते.