आबा, दारासिंग आणि अंडरटेकर : तुमच्या फ्रीस्टाईलच्या आठवणी सांगा

शेवंती
परवा टीव्हीवर जुनं रामायण लागलं होतं. हनुमान झालेला दारासिंग डोंगर उचलून निघाला आणि आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "ह्याची कुस्ती तुझ्या आबांनी वरळीला बघितलीय." मी पंचेचाळीस वर्षांची झाले आणि हे मला आत्ता कळतंय!

आबा म्हणजे आईचे वडील. लालबागला राहायचे, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. पण मूळचे गावच्या तालमीतले, लाल मातीत घडलेले. साठच्या दशकात वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग, किंगकाँग यांच्या फ्रीस्टाईल कुस्त्या व्हायच्या. दिवसपाळी सुटली की आबा आणि चाळीतले दोघे-तिघे चालत वरळी गाठायचे. किंगकाँग मूळ हंगेरीचा, दोनशे किलोच्या आसपासचं धूड. रात्री घरी आले की आबा आईला खांद्यावर आडवी घ्यायचे आणि गरागरा फिरवायचे, "दारासिंगनं त्याला अस्सा फिरवला!" आबांच्या केसांत अडकलेली कापसाची तूस तिच्या तोंडावर उडायची, हे आईला अजून आठवतंय.

तिने एकदा विचारलं, खरी असते का ही कुस्ती? आबा म्हणाले, "निकाल ठरलेला असतो गं. पण पडणारा खरंच पडतो ना."

मातीतला माणूस असं म्हणतो याचं मला फार अप्रूप वाटलं. परवापासून डोक्यात तेच आहे. तुमच्या घरी काय काय आठवणी आहेत? दारासिंग, टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ, काहीही चालेल. सगळं लिहा.

रानपाखरू
डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची खेळायची कार्डं!!! रँक, हाईट, वेट, चेस्ट, बायसेप्स, फाईट्स. वेट म्हटलं की योकोझुना, हाईट म्हटलं की जायंट गोन्झालेस. हे दोघे हातात असले की शाळेची मधली सुट्टी आपल्या बापाची. माझ्या योकोझुनाचे चारी कोपरे झिजून गोल झाले होते, तरी वर्गात कुणीही अदलाबदल करायला तयार. बाय द वे तो जपानी नव्हताच, सामोअन घराण्यातला अमेरिकन. मला हे कळलं तेव्हा माझी पोरं शाळेत जायला लागली होती.

बारक्या
डब्ल्यूडब्ल्यूएफमधला अंडरटेकर सात वेळा मरून जिवंत झाला होता हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत होतं

काजवा
@बारक्या, आणि अक्षयकुमारच्या पिक्चरमधला खरा की खोटा यावर आमच्याकडे दोन तट पडले होते. १९९६ चा 'खिलाडियों का खिलाडी'. तो खरा नव्हता, त्यात ब्रायन ली नावाचा दुसरा पैलवान होता. पण गंमत बघा, १९९४ च्या समरस्लॅम या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मोठ्या कार्यक्रमात खोटा अंडरटेकर आणून खऱ्याशी लढवला होता, तोही ब्रायन लीच. म्हणजे "दोन अंडरटेकर आहेत" म्हणून शपथा घेणारी पोरं अगदीच हवेत बोलत नव्हती.

बारक्या
@काजवा, मी पैज हरलो होतो राव त्यावर. ३० वर्षांनी न्याय मिळाला

सुईदोरा
आमच्याकडे आजी बघायची. नऊवारी, जपमाळ हातात, आणि समोर कुस्ती. रेफरी पाठमोरा झाला आणि कुणी मागून खुर्ची घातली की "अरे मेल्या, मागे बघ की!" म्हणून रेफरीलाच शिव्या. तिचा लाडका ब्रेट हार्ट. तो रिंगणात शिरण्याआधी आपला गॉगल पुढे बसलेल्या एखाद्या लहान पोराला घालायचा ना, त्यावर आजी फिदा. "गुलाबी कपड्यातला मुलगा चांगल्या घरचा आहे."

१९९४ मध्ये ओवेन ब्रेटवर उलटला. दोघे सख्खे भाऊ. आजीने ओवेनचं नाव टाकलं. तो आला की टीव्हीकडे पाठ करून बसायची. मग मे १९९९. ओवेनला कॅन्सस सिटीत छतावरून दोराने खाली सोडणार होते, कडी सुटली आणि तो रिंगणात पडून गेला. आम्हाला बातमी उशिरा कळली. आजी म्हणाली, "मी त्याला उगाच बोलले." त्या दिवशी तिने टीव्ही लावू दिला नाही.

रानपाखरू
@सुईदोरा, वाचून गलबललं. आजींना नमस्कार.

पायवाट
ओवेन पडल्यावरही त्या रात्रीचा खेळ पुढे चालू ठेवला होता. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

चुलीवरची
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. माझ्या भावाने कपाटावरून गादीवर उडी मारली आणि मनगट मोडून घेतलं, दहावीच्या परीक्षेच्या तीन आठवडे आधी. उजवं. पेपर लिहायला लेखनिक. आईने मग ती गादीच उसवली आणि पिंजाऱ्याला दिली.

सुईदोरा
पिंजारी! तो तुणतुण्यासारखा आवाज! आता कुठे येतात का हो?

चुलीवरची
आमच्याकडे मागच्या वर्षापर्यंत एक यायचे. आता फोमच्या गाद्या, पाठ धरते नुसती. कुणाकडे कापसाची गादी करून देणारे माहीत असतील तर कळवा, खरंच हवी आहे.

घिस्सा
मी कोल्हापूरच्या खासबाग मैदानात लहानाचा मोठा झालेला माणूस, त्यामुळे आमच्यात फ्रीस्टाईलला कुणी विचारत नसे. "नुरा कुस्ती", म्हणजे आधी ठरवलेली, म्हणायचे आणि विषय संपवायचे. पण शेवंतीताईंच्या आबांचं वाक्य पटलं.

ठरवून कुस्ती का सुरू झाली हे बघायचं तर आपल्या गामा पैलवानाची लंडनची कुस्ती आठवावी. १० सप्टेंबर १९१०, समोर पोलंडचा झिबिस्को. तो पोटावर पालथा पडला तो पडलाच, अडीच तासांहून जास्त. गामाला त्याची पाठ जमिनीला लावता येईना, झिबिस्कोला उठायचं नाही. शेवटी बरोबरीत सोडवली. आठवड्याने पुन्हा धरायची ठरली तर झिबिस्को आलाच नाही, पट्टा गामाला. १९२८ मध्ये पतियाळात मात्र गामाने त्याला मिनिटाच्या आत लोळवला.

जाणकाराला त्या अडीच तासांतही बघण्यासारखं असतं. पण तिकीट काढून आलेल्या साध्या माणसाने काय बघायचं? अमेरिकेत हीच अडचण होती. १९२० च्या दशकात एड लुईस हा पैलवान आणि त्याच्या दोन जोडीदारांनी वेळेची मर्यादा घातली, फेकाफेकी वाढवली, पैलवानांचा ताफा बांधून गावोगाव फिरवला आणि निकाल आधी ठरवायला घेतले. आपल्या मैदानातही हलगी लागते, पैलवान फेटा बांधून फेरी मारतो, शड्डू ठोकतो. ते लोकांसाठीच असतं. निकाल तेवढा मातीवर सोडलेला असतो, मी तर ते सोडून दुसरं काही बघणार नाही.

काजवा
@घिस्सा, दारासिंगला मात्र त्यात टाकू नका. मे १९६८ मध्ये मुंबईत त्याने लू थेझ या अमेरिकन पैलवानाला हरवलं. थेझ तेव्हा ५२ वर्षांचा, पण खरी धरपकड जाणणारा. कुणाही सोम्यागोम्याला तो पाठ देत नसे.

घिस्सा
@काजवा, दारासिंग पैलवानच होता, त्यात वाद नाही. अंग बघितलं की कळतं.

ओलीमाती
मी बारा वर्षं जुदो केलंय म्हणून पडण्याबद्दल लिहिते. त्या रिंगणाखाली लोखंडी तुळया, वर लाकडी फळ्या, मग पातळसं फोम आणि कॅनव्हास. टीव्हीवर दिसतं तितकं मऊ अजिबात नसतं. पडताना हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं मागे आपटत नाही, आणि दोन्ही तळहात एकदम पसरून आपटायचे. मोठा आवाज येतो तो त्याचाही. रेफरी अधूनमधून वाकून बघतो ना, तेव्हा तो निरोप पोचवत असतो : किती वेळ उरला, समोरचा ठीक आहे का. १९९८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचा मॅनकाइंड हा पैलवान रिंगणाभोवतीच्या पिंजऱ्याच्या टपावरून खाली टेबलावर पडला, ते मी पुन्हा पुन्हा बघितलंय. त्याला ठरलेलं म्हणून सोडून द्यायला माझी जीभ रेटत नाही.

पायवाट
आणि डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मालकांनी स्वतःच १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटसमोर सांगून टाकलं होतं की हे मनोरंजन आहे. खेळ म्हटलं की सरकारी क्रीडा आयोगाचे नियम आणि कर लागत होते, ते टाळायचे होते. आम्ही इकडे ९५ सालीही खरं-खोटंवरून कट्टी करत होतो.

बारक्या
खलीबद्दल कुणी बोललंच नाही?? २००७ ला वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला तेव्हा आमच्या हॉस्टेलात पहाटे फटाके. वॉर्डन धावत आला, मग तोही बसला बघत

चुलीवरची
@ओलीमाती, मुलीला जुदोला घालायचं आहे, वय सात. चालेल का? वेगळं लिहा हवं तर.

ओलीमाती
@चुलीवरची, उत्तम वय. पहिले दोन-तीन महिने फक्त पडायला शिकवतात, तिला कंटाळा आला तरी काढू नका.

शेवंती
सगळ्यांचं आत्ताच आईला वाचून दाखवलं. सुईदोराच्या आजींचं वाचताना ती मधूनमधून डोळे पुसत होती. ओलीमाती, तुमचं हनुवटीचं आलं तेव्हा आईने मला थांबवलं, "परत वाच." आबा तिला हेच शिकवायचे म्हणे. गिरक्या मारून झाल्या की गोधडी दुहेरी घालायची आणि तिला मागे पाडायचं. "हनुवटी छातीला, पोरी. हात मोकळे टाक." पन्नास-साठ वेळा. चाळीतल्या बायका म्हणायच्या, मुलीला काय पैलवान करतोस का. गेल्या पावसाळ्यात आई जिन्यात घसरली, पाठीवर पडली आणि डोक्याला साधं टेंगूळही आलं नव्हतं. डॉक्टरांनी नवल केलं होतं. तेव्हाही ती यातलं काही बोलली नाही.

आता जेवणं झाली की गादी खाली घालायची आहे. ती खुर्चीत बसून सांगणार, मी पडणार.

चुलीवरची
@शेवंती, गादी कापसाची आहे का?

शेवंती
हो, लालबागचीच!