मॉक वेलमध्येही टीएनएफ चढतोय: कुत्र्याचे अल्व्हिओलर मॅक्रोफेज आणि एच३एन८

परळ_पॅथो
बीएएलमधून (फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढलेल्या धुवणातून) काढलेल्या कुत्र्याच्या अल्व्हिओलर मॅक्रोफेजना (फुप्फुसातल्या जंतू गिळणाऱ्या पेशींना) एच३एन८ हा फ्लूचा विषाणू लावतोय. एमओआय १ (दर पेशीमागे एक विषाणू), तासभर शोषण (विषाणू पेशींना चिकटू देणं), मग आरपीएमआय मीडिया (पेशी वाढवायचं द्रव). २४ तासांनी टीएनएफ-अल्फा (दाह पेटवणारं प्रथिन) भरपूर, पण मॉक वेलमध्येही (विषाणू न घातलेल्या, तुलनेच्या खळग्यातही) जवळजवळ तितकाच! हिरवे चमकणारे मणी (पेशी किती गिळतात ते मोजायला) गिळण्यातही दोन्हींत फरक नाही. धुवण बोरिवलीहून परळला येईपर्यंत दीड-दोन तास जातात. चुकतंय कुठे?

सीरम_नको
मॉकच चढला, म्हणजे भानगड विषाणूच्या आधीची. धुवायला सलाइन कुठलं वापरता? लॅबमध्ये बनवून ऑटोक्लेव्ह केलेलं असेल तर जंतू मरतात, एंडोटॉक्सिन (जंतूंच्या भिंतीतलं विष) तसंच राहतं, आणि मॅक्रोफेजला तेवढं निमित्त पुरतं. शिरेतून द्यायची ०.९ टक्क्यांची सीलबंद बाटली घ्या, अंगाइतकी कोमट करून. काचेची भांडी २५० अंशांवर अर्धा तास कोरडी भाजा. खात्री करायची तर एका वेलमध्ये पॉलिमिक्सिन बी (एंडोटॉक्सिन निकामी करणारं औषध) १० मायक्रोग्रॅम प्रति मिली टाका. टीएनएफ कोसळला की चोर सापडला.

दुसरं, पेशी चिकटल्या चिकटल्या संसर्ग करू नका. प्लास्टिकला चिकटण्यानेच त्या चेकाळतात. दोन तासांनी न चिकटलेल्या धुऊन काढा, रात्रभर ठेवा, मीडिया बदला, मग विषाणू. शोषणाच्या वेळी सीरम अजिबात नको, त्यातली द्रव्यं विषाणूला अडवतात. आणि मॉक म्हणून नुसता मीडिया चालत नाही: संसर्ग न केलेल्या एमडीसीके पेशींचं (ज्यांत फ्लूचा विषाणू वाढवतात) वरचं द्रव, विषाणूइतकंच पातळ करून. यूव्हीने निकामी केलेल्या विषाणूचा वेल वेगळा ठेवा.

(ती एमडीसीके १९५८ साली एका कॉकर स्पॅनियलच्या मूत्रपिंडातून आली. फ्लूच्या लॅबा आजही कुत्र्याच्याच जिवावर चालतात.)

फुप्फुस_फाइल
मण्यांचं वेगळं आहे. शहरातल्या कुत्र्याच्या मॅक्रोफेजमध्ये काजळी भरलेली असते, स्लाइडवर काळे ठिपके सरळ दिसतात. वर या पेशी मुळातच हिरव्या वाहिनीत चमकतात. गडद लाल रंगाचे मणी घ्या, रंग न दिलेल्या पेशींचा नमुना प्रत्येक कुत्र्यासाठी स्वतंत्र लावा, आणि एक प्लेट ४ अंशांवर ठेवा. थंडीत पेशी गिळत नाही, त्यामुळे तिथे दिसतात ते नुसते बाहेर चिकटलेले मणी. तेवढे वजा करा.

एवढं करूनही फरक दिसला नाही तर दचकू नका. उंदरांत फ्लूनंतर मॅक्रोफेज ढिले पडतात ते बऱ्याच अंशी टी पेशींच्या (प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पेशी) गॅमा इंटरफेरॉन या संदेश देणाऱ्या प्रथिनामुळे, साधारण आठवड्याने. त्याने मार्को हा जंतू पकडणारा रिसेप्टर कमी होतो. तुमच्या प्लेटमध्ये टी पेशीच नाहीत आणि तुम्ही पाहताय २४ तासांना. कुत्र्याचं गॅमा इंटरफेरॉन बाहेरून घालून एक संच करा. कुत्र्यातही तसंच होतं असं मात्र आधीच धरून चालू नका.

परळ_पॅथो
सलाइन लॅबचंच होतं. 🙈 वाहतुकीचं काय करू?

सीरम_नको
पॉलिप्रॉपिलीनची नळी, काच नको, भिंतीला चिकटून अर्ध्या पेशी तिथेच राहतात. नळी बर्फात, पण बर्फ वितळून पाणी झाकणापर्यंत चढू देऊ नका. धुवणाचा पहिला हप्ता जंतूंच्या कल्चरला, पुढचे पेशींसाठी. पोचल्यावर जाळीतून गाळा, सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी वर १० मिनिटं फिरवा, मग ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) जिवंत पेशी मोजा. आणि बोरिवलीहून गाडीने निघू नका, लोकल घ्या. हायवेवर अडकलात तर बर्फ आधी संपेल.