बातमीतली पट्टी, सिनेमातलं ‘बे’ आणि आमची वऱ्हाडी

धुऱ्यावरून (धागाकर्ता):
सोयाबीन काढणीच्या टायमाला पावसानं घात केला, तेव्हा गावात एका वाहिनीचे लोक आले होते. काकू कॅमेऱ्यासमोर म्हणाली, “सोयाबीन सडून राह्यलं. पंचनामे होऊन राह्यले म्हन्ते, आमच्या धुऱ्यावर त कोनी आलं नाई.” (धुरा म्हणजे शेताचा बांध.) रात्री पाहतो तर खाली पट्टी: ‘अतिवृष्टीने सोयाबीनचे नुकसान, पंचनामे सुरू’.

काकूचा ‘म्हन्ते’ गेला कुठं? त्या एका शब्दात ‘लोक सांगतात, मी काही पाहिलं नाही’ एवढा अर्थ आहे. तो काढला की ऐकीव गोष्टीची सरकारी माहिती होते. तक्रार करायला आलेली बाई पंचनाम्याची साक्षीदार होऊन बसली. मला याचा फार राग आहे.

दर्यापूरचा मास्तर:
भावना समजली, पण मत पटलं नाही. बातमी सावंतवाडीच्या माणसालाही कळली पाहिजे. पट्टीत शब्द मावतात दहा. प्रमाण मराठी ही सगळ्यांची सामाईक जागा आहे, ती सोडली तर आपलंच म्हणणं आपल्यापुरतं राहील. माझ्या आठवीच्या वर्गातली पोरं ‘डोळा’चं ‘डोया’ लिहितात अन् त्यांचे गुण जातात. बोलीचं कौतुक करणारे तेव्हा मदतीला येत नाहीत.

धुऱ्यावरून:
सर, पट्टी वऱ्हाडीत लिहा असं मी म्हटलंच नाही. ‘पंचनामे सुरू आहेत म्हणतात, आमच्याकडे कोणी आले नाही’ हे चोख प्रमाण मराठी आहे आणि दहा शब्दांच्या आतच आहे. प्रश्न बोलीचा नाही, ऐकण्याचा आहे.

तालुका वार्ताहर:
पंधरा वर्षं बातम्या देतो, म्हणून बोलतो. तालुक्यातून आम्ही लिहितो एक, डेस्कवर होतं दुसरं. ‘करण्यात आले’ ही ढाल आहे. कोणी केलं ते लिहिलं की उद्या नोटीस येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी-मजूर दगावले. ‘विषबाधेने मृत्यू’ याच्यापुढं त्या दिवशी काय लिहिणार होतो? चौकशी व्हायची होती.

पऱ्हाटी:
भाऊ, पहिल्या दिवशीचं मान्य. पण महिनाभरानंतरही ‘विषबाधा झाली’ असंच छापून येत होतं, जशी सर्दी होते तशी. औषध कोणतं, कोणी विकलं, मजुराला मास्क होता का, याला वाक्यात जागाच नव्हती. दुसरं, शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीतलं ‘कर्जाला कंटाळून’. माणूस वाट पाहून कंटाळते, घरी बसून कंटाळते. सावकार दारात उभा असते तेव्हा तो कंटाळलेला नसते, घेरलेला असते. हा शब्द बंद करा, हात जोडून सांगतो.

अकोटकर:
मी सिनेमाचं बोलतो. आमचा माणूस पडद्यावर आला की समजायचं, आता हसायचं आहे. वाक्य पुण्याचं, शेवटी ‘बे’ चिकटवला, झाली वऱ्हाडी! ‘बे’ बरोबरीच्याला असते. एका सिनेमात सून सासऱ्याले ‘बे’ म्हणताना पाहिली, आमच्या घरी असं झालं त सासरे जेवणार नाहीत. ‘रोज शाळेत जाऊन राह्यला’ हेही चूक. ‘राह्यला’ आत्ता चाललेल्या कामाले, रोजच्याले ‘तो जाते’. अन् माझी आई ‘मी जातो’ म्हणते, ‘जाते’ नाही. बोलीले व्याकरण आहे, लेखकानं आठ दिवस गावात राहून ऐकावं.

नागपुरी संत्रा:
थोडं दुसऱ्या बाजूनं. मी पुण्यात शिकलो तेव्हा तोंड उघडायची लाज वाटायची. भारत गणेशपुरेंसारखे कलाकार टीव्हीवर बोलू लागले अन् मित्रच म्हणू लागले, “तुझ्या भाषेत बोल ना.” सुरुवात हसण्यानं झाली असेल, पण दार उघडलं ना. शुद्ध वऱ्हाडीचा हट्ट धरला तर लेखक आपलं पात्रच काढून टाकतील.

साकोलीवाला:
सगळा विदर्भ म्हणजे वऱ्हाडी नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर इकडं झाडीबोली आहे. सिनेमावाले तर सोडा, या धाग्यातही तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं.

धुऱ्यावरून:
साकोलीवाले, चूक माझी, मान्य. नागपुरी संत्रा, दार उघडलं हे खरं. पण आत बोलावल्यावर काकूचं रडणंही त्याच भाषेत ऐकून घ्या, नुसते विनोद नको.

मास्तर, ‘डोया’बद्दल. काळा-काया, शाळा-शाया, डोळा-डोया. पोरगं दर वेळी तेच करते म्हणजे ते गोंधळलेलं नाही, नियम पाळून राह्यलं. फळ्यावर दोन रकाने करा, घरचं एका बाजूला, परीक्षेचं दुसऱ्या. ‘चूक’ म्हणण्याऐवजी ‘इकडचं तिकडं ने’ म्हणा. ज्या विदर्भात रिद्धपूरला लीळाचरित्र हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ लिहिला गेला, तिथल्या पोराला त्याचं बोलणं अशुद्ध आहे असं शाळेतच ऐकावं लागू नये.

दर्यापूरचा मास्तर:
रकान्यांचं सोमवारी करून पाहतो. पट्टीबद्दल माझं मत तेच आहे. फक्त तो ‘म्हन्ते’ राहायला पाहिजे होता, हे मानतो.