कोरफड, कडुनिंब सगळं लावते तरी पुळ्या वाढतायत, काय चुकतंय?

आबोली_फोंडा
नमस्कार, वय २४, राहायला फोंड्याला आणि कामाला वेर्ण्याला, म्हणजे रोज स्कूटरवर जाऊन येऊन दीडेक तास हेल्मेट आणि त्यात घाम. कॉलेजात असताना दोन-चार पुळ्या यायच्या तेवढंच, पण मे महिन्यापासून गाल नि हनुवटी पार भरून गेलीय. केमिकल नकोच म्हणून सगळं हर्बल करायचं ठरवलं, सकाळी परसातली कोरफड तोडून तशीच चोळते, दिवसाआड मुलतानी मातीत कडुनिंबाची पावडर, आजी म्हणते त्यात लिंबू पीळ, आणि रात्री आई खोबरेल लावल्याशिवाय झोपू देत नाही 😅 शिवाय पार्लरवाल्या बाईंनी एक हर्बल क्रीम दिलीय, ती लावली की चार दिवसांत चेहरा काचेसारखा, बंद केली की होतं त्याच्या डबल. गणेशचवथ महिन्यावर आलीय, घर पाहुण्यांनी भरेल आणि प्रत्येक काकी पहिलं तोंडाकडेच बघणार. कुठली हर्बल वस्तू चांगली सांगा प्लीज.

माडाखाली_बसलेली
अगं पहिलं ते खोबरेल बंद कर! आपल्याकडे हे बोलणं म्हणजे पाप आहे माहीत आहे, मी पण माडाच्या तेलावरच वाढले, पण ते केसांना आणि फोडणीला. पुळ्यांच्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवतं, त्यात आपली दमट हवा. मी सोडलं आणि दीड-दोन महिन्यांत फरक दिसला. आईला सांगितलंच नाही, बाटली तशीच ठेवली कपाटात. हेल्मेटचं अस्तर पण धू, हनुवटीचा पट्टा जिथे घासतो तिथेच माझ्या जास्त यायच्या, आता आत सुती रुमाल बांधते नि तो रोज बदलते.

औषधवाला_म्हापसा
मी २० वर्षं काउंटरवर उभा आहे म्हणून सांगतो बाय, तुझ्या यादीतली मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती त्या पार्लरच्या क्रीमची. चार दिवसांत पुळ्या साफ करणारी वनस्पती मी तरी अजून पाहिली नाही. लावली की साफ आणि सोडली की डबल, हे स्टिरॉइडचं लक्षण, बेटामेथासोन नाहीतर क्लोबेटासोल असलं काहीतरी मिसळलेलं असू शकतं. असली मलमं शेड्यूल एच मध्ये येतात, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत, पण डबीवर पान-फूल छापलं की कोण विचारतंय! सतत लावलं तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात आणि स्टिरॉइडच्या वेगळ्या पुळ्या येतात त्या निराळ्याच. डबी बघ आणि इथे लिही, परवाना नंबर, बॅच नंबर, घटकांची यादी, बनवल्याची तारीख, एक्स्पायरी, यातलं काय काय आहे. आणि किती दिवस लावतेस ते पण.

लिंबू तर नकोच नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजून काळे डाग पडतात, आणि तू तर रोज स्कूटरवर.

वैद्यीण_डिचोली
मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते, त्यामुळे हर्बलच्या विरोधात बोलणार नाही, पण औषधी म्हणजे आपोआप सौम्य असं आमच्या शास्त्रातही कुठे म्हटलेलं नाही. या पुळ्यांना आम्ही तारुण्यपिटिका म्हणतो आणि त्यावर लोध्र, धणे, वेखंड यांचा लेप जुनाच आहे. पण लोक लेप लावून तो कडक होऊन तडकेपर्यंत मोबाईल बघत बसतात! लेप ओला असतानाच काढायचा, वाळू द्यायचा नाही. मुलतानी मातीचंही तेच, वाळली की कातडी ताणते, कोरडी पडते, मग जे लावाल ते झोंबतं. आठवड्यातून एकदा पुष्कळ झालं.

कोरफड चोळते म्हणालात, पान कापल्यावर जो पिवळा चीक गळतो तो धुता का? बहुतेक जण धूत नाहीत. पान कापून १०-१५ मिनिटं उभं ठेवायचं, पिवळं सगळं निथळू द्यायचं, साल सोलून आतला पांढरा गर धुऊन मगच लावायचा. तो चीक खाज आणतो.

हळद लावत असाल तर घरची दळलेली, बाजारातल्या सुट्या हळदीत रंगाची भेसळ असू शकते. आणि टी ट्री ऑइल कोणी सुचवलं तर थेट थेंब लावू नका. तयार ५ टक्क्यांचं जेल मिळतं, त्याचा उपयोग होतो पण सावकाश, बेन्झॉइल पेरॉक्साइड या पुळ्यांच्या नेहमीच्या औषधापेक्षा हळू. वर्षभर उघडी पडलेली बाटली टाकून द्या, जुन्या तेलाची ॲलर्जी लवकर येते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाच वस्तू एकदम. कुठलीही नवीन गोष्ट आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर, आणि काही झालं नाही तरच चेहऱ्यावर. एका वेळी एकच. नाहीतर कशाने वाढलं ते मलाही सांगता येणार नाही.

माडाखाली_बसलेली
कपाळावर बारीक, सगळ्या एकसारख्या आणि खाज येणाऱ्या आहेत का गो? माझ्या बहिणीच्या तशा होत्या, दोन पावसाळे ती त्याला पिंपल्स समजून कडुनिंब थापत बसली, शेवटी निघालं बुरशीचं, औषधच वेगळं.

आबोली_फोंडा
नाही, कपाळ साफ आहे, खाजही नाही. पण क्रीमची डबी बघितली आणि पोटात गोळाच आला. साधी पांढरी डबी, वर फक्त स्टिकर, हर्बल ग्लो आणि एक तुळशीचं पान. नंबर नाही, तारीख नाही, कंपनीचं नाव पण नाही. अडीच महिने लावतेय. चीक कधीच धुतला नव्हता. आता सगळं एकदम बंद करू का?

औषधवाला_म्हापसा
बाकीचं आजच बंद कर, साधा सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, जेलचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, डबीवर नॉन-कोमेडोजेनिक, म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं बघून घे. क्रीमचं मात्र स्वतः ठरवू नको. अडीच महिन्यांनंतर एकदम सोडली तर चेहरा लाल होऊन पेटल्यासारखा होतो, मग घाबरून लोक परत तीच लावतात. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, त्वचेची ओपीडी आहे, डबी सोबत घेऊनच जा, ती कशी सोडायची ते डॉक्टरच सांगतील. आणि पुळ्यांच्या कुठल्याही खऱ्या औषधाला ८ ते १२ आठवडे लागतात, चवथीचं गणित सोड.

वैद्यीण_डिचोली
सहमत. आयुर्वेदाकडेच जायचं असेल तरी धारगळच्या आयुर्वेद संस्थानात किंवा नोंदणीकृत वैद्याकडे जा, पण आधी त्या क्रीमचा निकाल लावा. आणि पुळ्या फोडू नका, आपल्या गव्हाळ कातडीवर डाग महिनोन् महिने राहतात.

आबोली_फोंडा
सोमवारची रजा टाकली, डबी पिशवीत घातलीय. आजी विचारते लिंबं कशी संपली नाहीत, आता त्यांचं लोणचं घालायचं म्हणते 😄