सुट्टीने भागत नाही
फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांसोबत रुग्ण तपासणारे, उपचार करणारे आरोग्य कर्मचारी) होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना बर्नआउट झालं, म्हणजे कामाच्या ताणाने ते पार खचले, की 'चार दिवस सुट्टी घ्या, बरं वाटेल' असा सल्ला दिला जातो, तो मला अपुरा वाटतो. झोप काढली की थकवा जातो. बर्नआउटमध्ये माणूस आतून कोरडा पडतो. खाटेवरच्या आजी मग त्याच्यासाठी नुसत्या 'सात नंबरचा न्यूमोनिया' होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातही बर्नआउटचं मूळ कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणात सांगितलंय. मग इलाज एकट्या विद्यार्थ्यावरच का? अमेरिकेत हा अभ्यासक्रम साधारण २७ महिन्यांचा. प्रत्यक्ष रुग्णसेवेत तर दर काही आठवड्यांनी नवा विभाग, नवे वरिष्ठ. जरा रुळतोय तोवर बदली. मन मोकळं करावं इतकी कुणाशी ओळखच होत नाही! निदान एक मार्गदर्शक शेवटपर्यंत तोच ठेवा, आणि गुण देणं त्याच्या हातात नको.