मदत हवी आहे: नववीचं इंग्रजी दिवाळीपर्यंत कसं बसवू?

खडूफळा
सोमवारी वार्षिक नियोजन द्यायचंय. नववी, इंग्रजी. महत्त्वाचं सगळं दिवाळीच्या आत शिकवून व्हायला हवं. शाळेत म्हणतात, गेल्या वर्षीचंच तारखा बदलून द्या. त्या नियोजनाने गेल्या वर्षी माझी निम्मी मुलं कोरडी राहिली, ते मी पुन्हा देणार नाही. कुणाकडे तयार नमुना असेल तर आजच टाका, प्लीज.

मास्तरीण
पुस्तक कुठलं, कुमारभारती की कोर्सबुक? आठवड्याला तासिका किती? पट किती? यातलं काहीच न सांगता नमुना मागितलात तर देणार काय?

खडूफळा
मराठी माध्यम आहे, म्हणजे कोर्सबुकच. तासिका सहा, हातात येतात चार. एक तुकडी, पट ४१.

जुना_जाणता
पाठांच्या क्रमाने नियोजन करूच नका. दहावीची कृतिपत्रिका, म्हणजे परीक्षेची प्रश्नपत्रिका, समोर ठेवा. ८० गुणांत पुस्तकातले उतारे २० आणि कविता १०, बस्स. बाकी ५० पुस्तकाबाहेरचे: भाषाभ्यास, न पाहिलेला उतारा, पत्र, संवाद, माहितीचं रूपांतर, भाषांतर. आपण मात्र वर्षातल्या बहुतेक तासिका त्या ३० गुणांवर घालवतो. मी नववीपासूनच दर शुक्रवार लेखनाला आणि दर मंगळवार अनोळखी उताऱ्याला राखून ठेवत असे. पाठ उरलेल्या दिवसांत.

मास्तरीण
सर, आदर आहे, पण हे पटत नाही. ज्या मुलाला वाक्य वाचता येत नाही त्याला पत्राचा साचा पाठ करायला लावून काय मिळतं? माझ्या वर्गात जूनमध्ये एका मुलीचं पुस्तक उघडलं तर प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेले. 'नाइट'च्या जागी 'क्निघ्ट'. तिला 'डिअर सर'चा साचा तोंडपाठ होता. पहिले तीन आठवडे फक्त वाचन घ्या, पाठ मागे पडले तरी चालतील.

जुना_जाणता
साचा म्हटलेलंच नाही मी. स्वतःच्या गावाबद्दल पाच वाक्यं लिहिणं हेही लेखनच. वाचन हवंच, पण लिहिताना मूल वाचतंही, ते का विसरता?

सेमीची_आई
माझा मुलगा सेमीत आठवीत आहे. व्याकरण अगदी कच्चं. रोज रात्री काळांचा तक्ता लिहून घेते, बराच फरक पडलाय. तुमच्या मुलांनाही तक्ता द्या. आणि सेमीतून पूर्ण इंग्रजी माध्यमात घालू का त्याला?

वऱ्हाडी
विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडते, पहिलं सत्र तुमच्यापेक्षा आखूड. त्यामुळे पहिल्या सत्रात फार ठेवू नका. तसंही परीक्षा एप्रिलमध्ये, मग दिवाळीची घाई कशाला? दुसरं सत्र अख्खं पडलंय.

खडूफळा
दुसऱ्या सत्रात वर्गात मुलं नसतात हो! ऊसतोड. बीडकडचा आहे मी, लिहायचं सुचलंच नाही, आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आईबापांनी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, उन्हाळ्यातच घेतलेली असते. दिवाळी झाली की ट्रक येतात आणि ४१ पैकी २० च्या आसपास उरतात. काही मुलं आजीजवळ राहतात. मोठ्या मुली बहुतेक जातात, कारण फडावर, म्हणजे तोडीच्या उसात, धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणीतरी लागतं. पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, परत येतात तेव्हा परीक्षा तोंडावर. गेल्या वर्षीच्या नियोजनात पत्रलेखन, भाषांतर, संवाद सगळं जानेवारीत होतं.

मास्तरीण
हे आधी सांगायला हवं होतं. माझं वरचं सोडा.

वऱ्हाडी
मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह नाही का गावात?

खडूफळा
आहे, पण लहान मुलांसाठी. शिक्षणहक्क कायदाही १४ वर्षांपर्यंतच. नववीतलं पोर नेमकं त्याच्या बाहेर पडतं.

जुना_जाणता
मग गुणांची गणितंही बाजूला ठेवा. जे एकट्याने शिकता येत नाही ते दिवाळीच्या आत: वाचन, वाक्यरचना, पहिली दहा-बारा लेखनं, तुमच्या डोळ्यांदेखत तपासलेली. जे वाचता येऊ लागल्यावर एकट्याने जमतं ते पुढे: सोपे पाठ, कविता. युनिटचा क्रम मोडला तरी मुख्याध्यापकांना कारण लेखी द्या.

उसाच्या_पट्ट्यातली
मी दुसऱ्या टोकाला आहे, कारखान्याजवळच्या हायस्कुलात, कोल्हापूरकडे. शाळेमागे ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. नोव्हेंबरात दोन-तीन मुलं वर्गात येऊन बसतात, तेही कुणी समजावून आणली तर. कुठपर्यंत शिकलीत ते आम्हाला कळत नाही, मुलं लाजून सांगत नाहीत, म्हणून मागच्या बाकावर राहतात. गेल्या वर्षी एका मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिच्या सरांनी 'हिला हे झालंय, हे राहिलंय' एवढंच मराठीत लिहून दिलं होतं. त्या एका पानावर मी तिला मार्चपर्यंत शिकवलं. तुम्ही प्रत्येक मुलाला असं पान द्या. नमुना मी आज रात्री टाकते.

खडूफळा
टाका ताई, वाट बघतो. मुकादमांना विचारून कोण कुठल्या कारखान्याला जाणार त्याची यादी दसऱ्याच्या आत काढतो. सोमवारी नियोजनाचे दोन कागद देणार: एक राहणाऱ्यांचं, एक जाणाऱ्यांचं. अजून एक विचारायचंय: त्या पानावर वाचनाची पातळी कशी लिहू, म्हणजे तुमच्या लगेच लक्षात येईल?

सेमीची_आई
माझ्या प्रश्नाचं कुणी सांगाल का? प्रवेशाची तारीख जवळ आलीय.