मदत हवी आहे : एफ २२ ठेवूनही मॅक्रो छायाचित्रातला कोळी पुसट का येतो?

नमस्कार,

गेली दोन वर्षे मी छंद म्हणून लहान जीवांची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून, छायाचित्रे काढत आहे. सुरुवात फुलपाखरांपासून झाली, पुढे चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण सडपातळ कीटक) आल्या, आणि आता उड्या मारणाऱ्या कोळ्यांनी मला असे धरून ठेवले आहे की सकाळचा मोकळा वेळ बहुतेक त्यांच्यामागेच जातो. जेमतेम ६-७ मिलिमीटर लांबीचा हा प्राणी आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे डोळे सरळ लेन्सकडे रोखून पाहतो, आणि ती नजर जशीच्या तशी छायाचित्रात उतरावी, असे मला मनापासून वाटते. माझी अडचण नेमकी तिथेच आहे. डोळे स्पष्ट आले की पोट आणि मागचे पाय विरघळून जातात. सगळे शरीर फोकसमध्ये यावे म्हणून अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, बारीक केले (एफचा आकडा वाढवला) की काहीच धड स्पष्ट राहत नाही.

साहित्य असे आहे. कॅमेरा कॅनन ईओएस २०० डी, म्हणजे एपीएस-सी आकाराचा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर. लेन्स कॅनन ईएफ १०० मिमी एफ २.८ एल मॅक्रो आयएस. हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत) गोडॉक्स टीटी ६०० फ्लॅश असतो आणि त्याच्या पुढे ट्रेसिंग पेपरचा, लेन्सच्या तोंडापर्यंत येणारा, घरी केलेला डिफ्युझर (प्रकाश मऊ करणारा पडदा). कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही मॅन्युअलवर ठेवते, फोकस हातानेच जुळवते आणि छायाचित्रे रॉ (प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात साठवते. ट्रायपॉड वापरत नाही, कारण तो मांडून होईपर्यंत कोळी पानाच्या पलीकडच्या बाजूला गेलेला असतो.

सोबत तीन छायाचित्रे देत आहे.

पहिल्यात कोळी समोरून टिपला आहे. विशालन एकास एक (म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा प्रत्यक्ष जीवाएवढीच), एफ २२, १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, फ्लॅश १/२ शक्तीवर. लहान आकारात पाहिले तर हे छायाचित्र चांगले वाटते, पण मोठे करून पाहिल्यास पायांवरचे केस एकमेकांत मिसळून गेलेले दिसतात आणि डोळ्यांच्या कडांवर धुके साचल्यासारखे वाटते.

दुसऱ्यात तोच कोळी, त्याच पानावर, दोन-तीन मिनिटांनंतर टिपलेला आहे. विशालन तेच, एफ ८, १/२०० सेकंद, आयएसओ १००, फ्लॅश १/१६ शक्तीवर. येथे डोळ्यांभोवतीचा प्रत्येक केस मोजता येतो, परंतु त्यामागे जे आहे ते केवळ रंगाचा डाग होऊन राहिले आहे.

तिसरे एका टाचणीचे आहे. विशालन साधारण एकास दोन, एफ ११, १/२०० सेकंद, आयएसओ २००, फ्लॅश १/१६. ती बाजूने टिपल्यामुळे डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळी एका रेषेत होती, आणि हे छायाचित्र मला हवे तसे आले आहे. तुलनेसाठी ते मुद्दाम जोडले आहे.

विचारण्यापूर्वी एक चाचणी स्वतः करून पाहिली. बारीक छपाईचा कागद भिंतीवर लावला, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि खिडकीतून येणाऱ्या प्रकाशात एकास एक विशालनावर एफ ५.६ पासून एफ २२ पर्यंत छायाचित्रे काढली. एफ ५.६ आणि एफ ८ वर अक्षरांच्या कडा कोरल्यासारख्या आल्या, एफ ११ वर किंचित फरक पडला आणि एफ २२ वर पुसटपणा उघड दिसू लागला. म्हणजे लेन्समध्ये दोष नाही, एवढे निश्चित झाले. अ‍ॅपर्चर फार बारीक केल्यावर प्रकाशाच्या विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे) तपशील हरवतो, हेही मी वाचले आहे. मात्र कागदाच्या चाचणीत एफ २२ ला जेवढा पुसटपणा आला, त्याहून कोळ्याच्या छायाचित्रातला पुसटपणा कितीतरी अधिक आहे, आणि हा जास्तीचा पुसटपणा कुठून येतो ते मला उलगडत नाही.

वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून काढलेली अनेक छायाचित्रे संगणकावर एकत्र करण्याची पद्धत मला ठाऊक आहे, पण जिवंत कोळी वीस-तीस छायाचित्रे होईपर्यंत स्थिर बसत नाही. काही जण कीटकांना थंड करून सुस्त करतात किंवा मेलेले कीटक वापरतात. या दोन्ही गोष्टी मला करायच्या नाहीत. ज्याच्या नजरेसाठी इतका वेळ बसून राहायचे, त्यालाच त्रास देऊन मिळवलेले छायाचित्र मला पाहवणार नाही.

तेव्हा अनुभवी मंडळींनी दोन गोष्टी सांगाव्यात, अशी विनंती आहे. एक म्हणजे एकास एक विशालनावर आपण कोणत्या अ‍ॅपर्चरवर थांबता आणि का. दुसरे म्हणजे जिवंत, हालचाल करणाऱ्या जीवाचे हातात कॅमेरा धरून छायाचित्र काढताना, कागदाच्या चाचणीइतकी तरी स्पष्टता मिळवण्यासाठी मी नेमके काय बदलावे.

प्रतिसाद १

आपण सेटिंग पूर्ण दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. पहिल्या आणि दुसऱ्या छायाचित्रांत आपण एकाच गोष्टीत बदल केला असे समजत आहात, परंतु प्रत्यक्षात दोन गोष्टी बदलल्या आहेत : अ‍ॅपर्चर आणि फ्लॅशची शक्ती.

आधी विवर्तन पाहू. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जो आकडा दिसतो तो दूरवर फोकस केलेला असताना खरा असतो. जवळ फोकस केल्यावर परिणामी आकडा वाढतो. साधारण हिशोब असा की दिसणाऱ्या आकड्याला (१ + विशालन) ने गुणावे. म्हणजे एकास एक विशालनावर एफ २२ हे सेन्सरच्या दृष्टीने एफ ४४ होते आणि एफ ८ हे एफ १६ होते. निकॉनचे कॅमेरे त्यांच्या मायक्रो लेन्सबरोबर हा बदललेला आकडा दाखवतात, आपला कॅमेरा दाखवत नाही, म्हणून दोन वेगळे कॅमेरे वापरणाऱ्यांनी परस्परांची सेटिंग जुळवताना पुष्कळ गोंधळ होतो. वर्तुळाकार छिद्रातून आलेल्या प्रकाशबिंदूची लहानशी तबकडी कशी होते, याचे गणित जॉर्ज बिडेल एअरी यांनी १८३५ साली मांडले. त्यानुसार हिरव्या प्रकाशासाठी एफ ४४ ला ही तबकडी सुमारे ५९ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होते, तर एफ १६ ला ती सुमारे २१ मायक्रॉनची असते. आपल्या सेन्सरवरचा एक पिक्सेल सुमारे ३.७ मायक्रॉनचा आहे. कागदाच्या चाचणीत आपल्याला जे दिसले, ते एवढेच होते.

आता उरलेला भाग. फ्लॅशची शक्ती कमी करणे म्हणजे प्रकाश मंद करणे नव्हे, तर तो लवकर तोडणे होय. हॉट शूवरच्या सर्वसाधारण फ्लॅशचा झोत १/२ शक्तीवर सेकंदाच्या जवळपास १,०००व्या भागाइतका टिकतो, आणि १/१६ शक्तीवर तो जवळपास १०,०००व्या भागावर येतो. आकडे मॉडेलनुसार मागेपुढे होतात, प्रमाण मात्र याच सुमाराचे राहते. सावलीत काम करताना छायाचित्र घडवणारा खरा शटर हा झोतच असतो. समजा, पान वाऱ्याने किंवा आपला हात श्वासाने सेकंदाला ५ सेंटीमीटर या वेगाने हलत आहे. १/१,००० सेकंदात प्रतिमा सेन्सरवर ०.०५ मिलिमीटर, म्हणजे तब्बल १३ पिक्सेल सरकते. १/१०,००० सेकंदात ती एका पिक्सेलच्या आसपासच सरकते. आपला कागद भिंतीवर आणि कॅमेरा ट्रायपॉडवर होता, म्हणून ही चूक तिथे दिसलीच नाही.

याची खात्री करायची असेल तर कोळ्याचे छायाचित्र एफ २२ वरच, पण आयएसओ ८०० आणि फ्लॅश १/१६ ठेवून काढा. प्रकाश तेवढाच पडेल, विवर्तनही तेवढेच राहील, फक्त झोताचा काळ बदलेल. याबरोबर आणखी एक सवय लावून घ्या : त्याच सेटिंगवर फ्लॅश बंद करून एक छायाचित्र काढून पाहा. ते जवळजवळ काळे आले पाहिजे. भर उन्हात तसे येत नाही, आणि मग १/२०० सेकंदात हललेली दुसरी फिकट प्रतिमा मुख्य प्रतिमेवर चढते.

अ‍ॅपर्चरबद्दल माझे मत विचाराल तर एकास एकला मी एफ ११ च्या पुढे जात नाही.

प्रतिसाद २

वरील हिशोब पटला. मी एक वेगळा मार्ग सुचवतो. विशालन एकास दोन करा आणि नंतर क्रॉप करा, म्हणजे चौकट कापा. एफ ११ ला एकास एक विशालनावर फोकसची खोली (पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो ती) एक मिलिमीटरहूनही थोडी कमी असते, तर एकास दोनला ती अडीच मिलिमीटरच्या घरात जाते.

हातात कॅमेरा धरताना डाव्या हाताच्या दोन बोटांनी पानाचे देठ हलकेच धरावे आणि लेन्सचे तोंड त्याच हाताच्या मुठीवर टेकवावे. पान आणि लेन्स एकत्र हलतात, त्यामुळे त्यांच्यातले अंतर बदलत नाही. पान तोडण्याची गरज पडत नाही, आणि हात सावकाश नेल्यास कोळी बहुधा जागचा हलत नाही.

प्रतिसाद १ च्या लेखकाकडून

देठ धरण्याची युक्ती उत्तम आहे. क्रॉपविषयी मात्र एक खुलासा आवश्यक वाटतो. एकास दोनला काढलेली चौकट अर्ध्या लांबी-रुंदीत कापून पुन्हा तेवढीच मोठी केली, तर पुसटपणाही दुप्पट मोठा होतो, आणि खोली व विवर्तन या दोन्ही बाबतींत आपण जवळजवळ एकास एकच्या एफ १६ वर येऊन पोहोचतो. खोली फुकट मिळत नाही. खरा लाभ दोन ठिकाणी होतो : सेन्सरवर प्रकाश अधिक पडत असल्यामुळे फ्लॅशची शक्ती आणखी कमी ठेवता येते, आणि कोळ्यापासून थोडे लांब राहता येते. चौकट न कापता कोळी पानासह लहान दाखवण्याची तयारी असेल, तर मात्र खोलीचा पूर्ण लाभ मिळतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपण दोघांनी इतक्या आस्थेने उत्तरे दिलीत, याबद्दल मनापासून आभार. तीन सकाळी सांगितल्याप्रमाणे काम करून आज लिहीत आहे.

एफ २२, आयएसओ ८००, फ्लॅश १/१६ या सेटिंगवर काढलेल्या छायाचित्रात थोडे दाणे दिसतात, पण पायांवरचे केस वेगळे झाले आहेत. पुसटपणा कागदाच्या चाचणीइतकाच उरला आहे. म्हणजे माझ्या पहिल्या छायाचित्राचा मोठा अपराधी अ‍ॅपर्चर नव्हता, तर ते बारीक केल्यामुळे मीच वाढवलेली फ्लॅशची शक्ती होती. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत, हे दोन वर्षांत माझ्या लक्षातच आले नव्हते. फ्लॅश बंद ठेवून काढलेली चौकट सावलीत काळीभोर आली, आणि पानावर ऊन येताच त्याच सेटिंगवर कोळी ओळखू येऊ लागला. आता ऊन चढण्यापूर्वीच काम संपवते.

देठ धरण्याची पद्धत पहिल्या दिवशी जमली नाही, कारण माझा हात पाहताच कोळ्याने उडी मारून थेट लेन्सच्या हूडवर मुक्काम केला. तो स्वतः उतरेपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी हात आधीच पानाशी नेऊन ठेवला आणि कोळी पुन्हा स्थिरावल्यावर कॅमेरा वर घेतला. तेव्हापासून वाया जाणाऱ्या छायाचित्रांची संख्या बरीच घटली आहे.

क्रॉपविषयीचा खुलासा वाचून मी चौकट न कापण्याचे ठरवले. सोबत जोडलेले नवे छायाचित्र तसेच आहे : विशालन साधारण एकास दोन, एफ ११, १/२०० सेकंद, आयएसओ २००, फ्लॅश १/१६, कोळी तिरक्या कोनातून. समोरचे चारही डोळे आणि पुढच्या पायांच्या दोन जोड्या स्पष्ट आहेत. पोटाचा मागचा भाग अजूनही हळूहळू विरत जातो, पण पानाच्या शिरा आणि त्याच्या पायाखालचा रेशमी धागा चौकटीत आल्यावर त्याची मला पूर्वीसारखी खंत वाटत नाही.